हिट द्यायची की नाही?

२३ एप्रिल २०१३ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर ख्रिस गेलने पुणे वॉरियर्सविरुद्ध ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या. १३ चौकार, १७ षटकार. म्हणजे १५४ धावा सीमारेषेपलीकडून आल्या आणि उरलेल्या २१ पळून. या २१ धावांपैकी एखादी क्षेत्ररक्षकाने चेंडू धड न अडवल्यामुळे मिळाली असेल, तरी ती गेलचीच धरली जाते. सुटलेला झेल, पायाखालून गेलेला चेंडू, भलतीकडे फेकलेला थ्रो, सगळ्याचा फायदा क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या खात्यात जमा होतो. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मार्टिन गप्टिलचा थ्रो बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेला, तेव्हा सहाच्या सहा धावा स्टोक्सच्या नावावर लागल्या. स्कोअररने त्या फक्त मोजल्या.

बेसबॉलच्या नोंदवहीत असे होत नाही. बॅटरने चेंडू मारला, पळाला आणि पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला, एवढ्यावरून त्याला हिट मिळत नाही. तो तिथे आपल्या फटक्याच्या बळावर पोहोचला, समोरच्याच्या चुकीमुळे पोहोचला, की समोरच्यांनी त्याला सोडून दुसऱ्याच धावपटूला बाद करायचे ठरवले म्हणून पोहोचला, हे कुणीतरी ठरवावे लागते. पंच फक्त ‘सेफ’ किंवा ‘आउट’ सांगतो. हिट होती की नव्हती, हे अधिकृत स्कोअरर ठरवतो. बेसबॉलच्या नियमपुस्तकात त्याच्यासाठी एक आख्खे प्रकरण आहे, सध्याच्या मांडणीत नववे. हिटची व्याख्या, तिची किंमत, चुकीची व्याख्या हे सारे त्यात आहे, आणि ते समजून घेतले तर कुणालाही शाळेच्या सामन्याची नोंदवही व्यवस्थित लिहिता येते.

बंगळुरूतल्या मराठी वाचकांसाठी हे लिहायला कारण आहे. मेजर लीग बेसबॉलने २०१९ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडले आणि शाळांसाठी ‘फर्स्ट पिच’ हा उपक्रम सुरू केला. दिल्ली आणि मुंबईबरोबर बंगळुरूच्या शाळाही त्यात आल्या. व्हाइटफील्ड आणि सरजापूर रस्त्याकडच्या सोसायट्यांत अमेरिकेहून परतलेली मराठी कुटुंबे राहतात, त्यांची मुले तिकडे टी-बॉल खेळून आलेली असतात. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल गेली अनेक वर्षे खेळले जातात, तेव्हा नोकरीसाठी इकडे आलेल्या तरुणांमध्येही बेस पळून पाहिलेले काहीजण सापडतात. ज्यांचे ऑफिस अमेरिकेच्या घड्याळावर चालते, त्यांना तर ‘काल तो चारपैकी तीन गेला’ (म्हणजे चार संधींत तीन हिट्स) अशी वाक्ये रोज ऐकावी लागतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो, कॅलिफोर्नियातला सकाळी साडेसातला. शिवाय २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही आहेत.

भारतातून अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये गेलेली पहिली दोन नावे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. दोघेही भालाफेकीतून आलेले आणि दोघेही पिचर. चेंडू फेकण्याचे आपल्याला लवकर कळते. मारलेल्या चेंडूचा हिशेब मात्र नीट शिकवला जात नाही, आणि खेळ आवडायला लागल्यावर मुले पहिला प्रश्न तोच विचारतात.

आधी चेंडू हद्दीत हवा

हिटचा विचार सुरू होतो तो फेअर चेंडूपासून. बॅटर जिथे उभा राहतो त्या होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून दोन रेषा निघतात आणि कुंपणापर्यंत जातात. या दोन रेषांमधला नव्वद अंशांचा पट्टा म्हणजे फेअर हद्द. रेषाही हद्दीतच धरली जाते. बाहेरचे सगळे फाउल. क्रिकेट खेळून आलेल्या मुलाला इथे पहिला धक्का बसतो, कारण त्याचा लेट कट आणि लेग ग्लान्स, दोन्ही देखणे फटके इथे फाउल ठरतात. जमिनीवरून जाणारा चेंडू पहिला किंवा तिसरा बेस ओलांडताना आत असला, तर पुढे बाहेर वळला तरी फेअर. हवेतून गेलेला चेंडू बेसच्या पलीकडे पहिल्यांदा कुठे पडला ते पाहायचे. कुंपणापाशी रेषेवर उभ्या असलेल्या खांबाला ‘फाउल पोल’ म्हणतात, पण त्याला हवेतून थेट लागलेला चेंडू फेअर असतो आणि तो होमरन होतो.

गल्लीतल्या ‘एक टप्पा आउट’ची सवय असेल तर तीही सोडा. टप्पा पडलेला चेंडू पकडून बॅटर बाद होत नाही. तो पहिल्या बेसवर पोहोचण्याआधी चेंडू तिथे पोहोचवावा लागतो. होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतचे अंतर मोठ्यांच्या मैदानावर ९० फूट असते, लिटल लीगच्या लहान मुलांसाठी ६० फूट.

साधारण प्रयत्न

या विषयाचे मर्म या दोन शब्दांत आहे. नियमपुस्तक स्कोअररला सांगते की, प्रत्येक वेळी एकच गोष्ट तपास: क्षेत्ररक्षकाने साधारण प्रयत्न केला असता, तर बॅटर बाद झाला असता का? झाला असता, तर ती क्षेत्ररक्षकाची चूक. नसता झाला, तर बॅटरची हिट.

साधारण म्हणजे किती, याचीही व्याख्या आहे. त्या जागेवर, त्या लीगमध्ये खेळणाऱ्या सरासरी कौशल्याच्या खेळाडूकडून जेवढी अपेक्षा ठेवता येईल तेवढा प्रयत्न, आणि तोही त्या दिवशीचे मैदान आणि हवामान लक्षात घेऊन. या व्याख्येमुळे तोच फटका न्यूयॉर्कमध्ये चूक ठरेल आणि बंगळुरूच्या शालेय सामन्यात हिट ठरेल, आणि दोन्ही निर्णय बरोबर असतील. मेजर लीगचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू वेगाने आलेला सरपटी चेंडू सहज अडवतो. दहा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. आपल्याकडच्या लाल मातीच्या मैदानावर खडा असतो, खड्डा असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अचानक सर पडून जाते आणि चेंडू साबणासारखा निसटतो. हे सगळे स्कोअररने विचारात घ्यायलाच हवे, नियमच तसे सांगतो. टीव्हीवर पाहिलेल्या खेळाडूंचे माप शाळेतल्या पोरांना लावणारा स्कोअरर नियमाविरुद्ध वागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग हिट द्यायची कधी? सगळ्यात सोपी वेळ म्हणजे चेंडू कुणाचाही हात न लागता मैदानात पडला, कुंपणाला लागला किंवा कुंपणापार गेला, आणि बॅटर बेसवर पोहोचला. यात विचार करायचा नाही. मात्र आउटफिल्डमध्ये पडलेला चेंडू साधारण प्रयत्नात झेलता आला असता, असे वाटले तर थांबा.

दुसरी वेळ वेगाची. फटका इतका जोरकस असतो की क्षेत्ररक्षकाला काही करायला वावच मिळत नाही. किंवा उलट, चेंडू इतका हळू घरंगळतो की तो उचलून फेकेपर्यंत बॅटर बेसवर उभा असतो. दोन्ही पूर्ण हिट आहेत. हळू घरंगळलेली हिट कमअस्सल समजायची नाही. जपानच्या इचिरो सुझुकीने २००४ साली सिअॅटलकडून खेळताना एका हंगामात २६२ हिट्स मारून जॉर्ज सिसलरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला. त्या २६२ पैकी २२५ एका बेसच्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी इनफिल्डमध्येच राहिलेल्या चेंडूंवर, निव्वळ पायांच्या वेगाने मिळवलेल्या.

तिसरी वेळ वाईट उसळीची. चेंडू खड्यावर पडून अनपेक्षित उडाला, किंवा कुठल्या बेसला अथवा पिचरच्या पट्टीला लागून दिशा बदलली, आणि त्यामुळे साधारण प्रयत्नात पकडता आला नाही, तर हिट. १९४१ साली जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत हिट मारली, तो विक्रम आजही टिकून आहे. त्या मालिकेतल्या तिसाव्या सामन्यात त्याने मारलेला सरपटी चेंडू वाईट उसळी घेऊन शिकागोचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ल्यूक अॅपलिंगच्या खांद्यावर आदळला. स्कोअरर डॅन डॅनियल यांनी हिट दिली. त्यांनी चूक लिहिली असती तर मालिका तिथेच संपली असती. निर्णयावर पुढे पुष्कळ चर्चा झाली, पण नियमाच्या शब्दांत पाहिले तर उसळीचा लाभ बॅटरलाच मिळतो.

चौथी वेळ विचित्र आहे. कुणाही क्षेत्ररक्षकाचा हात लागण्याआधी फेअर चेंडू बॅटरच्याच संघाच्या धावपटूला लागला, तर धावपटू बाद होतो आणि बॅटरला हिट मिळते. नवख्या स्कोअररला हे खोटे वाटते. पंचाला लागलेल्या चेंडूवरही बॅटरला हिटच मिळते.

शंका राहिलीच तर काय करायचे, तेही लिहून ठेवले आहे: संशयाचा फायदा बॅटरला. क्षेत्ररक्षकाने झेपावून असामान्य प्रयत्न केला आणि तरी चेंडू हातातून निसटला, तर ती हिट. चांगल्या प्रयत्नाची शिक्षा म्हणून कुणाच्या नावावर चूक लावायची नाही.

चूक कशाला म्हणायची

चुकीबद्दल दोन गैरसमज आढळतात. एक, चेंडूला हात लागला तरच चूक धरायची. तसे नाही. सरळ आलेला चेंडू दोन पायांमधून निघून गेला, किंवा सोपा उंच झेल दोघांनी ‘तू घे, तू घे’ म्हणत मध्ये पडू दिला, तर कुणाचा स्पर्श न होताही चूक देता येते. दुसरा गैरसमज म्हणजे क्षेत्ररक्षक संथ होता, म्हणून चूक. संथपणा ही चूक नव्हे. चेंडू उचलताना किंवा फेकताना हातून काही बिघडले नसेल, नुसता वेळ लागला असेल, तर नियम चूक मानत नाही. धावपटू किती बाद आहेत हे विसरणे, भलत्या बेसकडे फेकण्याचे ठरवणे, असल्या डोक्यातल्या गोंधळालाही चूक म्हणत नाहीत.

नोंदवहीत चूक ‘ई’ या खुणेने लिहितात आणि पुढे खेळाडूच्या जागेचा क्रमांक. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून आउटफिल्ड ७, ८, ९. म्हणून ई-६ म्हणजे शॉर्टस्टॉपची चूक. हे क्रमांक एकदा पाठ केले की जगातली कुठलीही बेसबॉलची नोंदवही वाचता येते.

बेसवर पोहोचला, तरी हिट नाही

चुकीशिवाय आणखी एका प्रकारे बॅटर हिटविना पोहोचतो. पहिल्या बेसवर एक धावपटू आहे. बॅटरने शॉर्टस्टॉपकडे सरपटी चेंडू मारला. आता पहिल्या बेसवरच्याला दुसऱ्याकडे पळणे भाग आहे, कारण मागून बॅटर येतो आहे. शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसकडे चेंडू फेकून त्याला बाद केले. बॅटर पहिल्यावर आरामात पोहोचला. ही हिट नाही. याला ‘फील्डर्स चॉइस’ म्हणतात, वहीत ‘एफसी’ लिहितात. भाग पडलेला धावपटू बाद झाला की बॅटर कितीही वेगवान असला तरी हिट मिळत नाही, यात स्कोअररच्या मताला जागाच नाही. तो धावपटू खरे तर बाद होणार होता, पण दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूने हातातला थ्रो सोडला, तरीही बॅटरला हिट नाही.

मताला जागा येते ती पुढच्या प्रसंगात. शॉर्टस्टॉपने दुसऱ्याकडे फेकले, पण धावपटू आधीच पोहोचला. दोघेही सेफ. आता विचारा: त्याने पहिल्या बेसकडे फेकले असते, तर बॅटर साधारण प्रयत्नात बाद झाला असता का? झाला असता, तर एफसी. नसता झाला, तर हिट. शाळेच्या सामन्यांत सर्वांत जास्त वाद या एका प्रसंगावर होतात. म्हणून माझा सल्ला असा की, चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात आला त्या क्षणी बॅटर किती दूर होता, याकडे नजर ठेवायची सवय लावून घ्या. चेंडूमागे नजर पळत राहिली तर उत्तर कधीच मिळत नाही.

मात्र आउटफिल्डमध्ये गेलेल्या फटक्यावर पुढचा धावपटू तिसऱ्या बेसवर दोन बेस पळण्याच्या नादात बाद झाला, तर बॅटरची हिट शाबूत राहते.

भाग पडलेला धावपटू बाद झाला तर हिट नाही, या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे अल ब्रिडवेल. २३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स, जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज. शेवटच्या डावात बरोबरी, तिसऱ्या आणि पहिल्या बेसवर धावपटू. ब्रिडवेलने मध्यभागी स्वच्छ फटका मारला, तिसऱ्यावरचा धावून आला, प्रेक्षक मैदानात शिरले. पहिल्या बेसवरचा तरुण फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला स्पर्श न करताच परत फिरला. कब्जनी चेंडू मिळवून दुसऱ्या बेसवर दावा केला, मर्कल बाद ठरला, धाव रद्द झाली, सामना बरोबरीत सुटला. आणि ब्रिडवेलची हिट वहीतून गेली. फटक्यात काही खोट नव्हती, पण पुढचा भाग पडलेला धावपटू बाद झाला म्हणजे हिट नाही. आपल्या मुलांना बेसला पाय लावल्याशिवाय वळायचे नाही, हे शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा.

हिट दिली, आता किती बेसची?

पहिला बेस म्हणजे सिंगल, दुसरा डबल, तिसरा ट्रिपल, चारही बेस म्हणजे होमरन. ऐकायला सोपे, पण बॅटर शेवटी कुठे उभा आहे यावरून किंमत ठरत नाही. तो फटक्यामुळे कुठपर्यंत पोहोचला असता, ते पाहायचे.

समजा, बॅटरने उजव्या आउटफिल्डकडे मारले आणि पहिल्यावर पोहोचला. तिकडून आलेला थ्रो कॅचरच्या डोक्यावरून गेला आणि तेवढ्यात बॅटर दुसऱ्यावर गेला. ही सिंगल आणि वर थ्रो करणाऱ्याची चूक. स्टोक्सच्या त्या सहा धावांची वाटणी बेसबॉलमध्ये वेगळी झाली असती. थ्रो चांगला आला, पण तो पुढच्या धावपटूला होम प्लेटवर बाद करण्यासाठी होता आणि ती संधी साधून बॅटर दुसऱ्यावर सरकला, तरीही सिंगलच. त्या थ्रोविनाही तो दुसऱ्यावर पोहोचला असता असे तुमचे मत असेल, तरच डबल द्या. ट्रिपलच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे: पुढचा धावपटू होम प्लेटवर बाद झाला, तर बॅटर तिसऱ्यावर उभा असला तरी ट्रिपल नाही.

दुसऱ्या बेसकडे घसरत गेलेला बॅटर बेसच्या पुढे निघून गेला आणि परत येण्याआधी टॅग होऊन, म्हणजे अंगाला चेंडू लावला जाऊन बाद झाला, तर सिंगल. पण तो उभ्याने पळत बेस ओलांडून पुढे गेला आणि परतताना बाद झाला, तर ज्या बेसला पाय लागला तो धरायचा, म्हणजे डबल. बेसला पाय लावायला विसरला आणि दाव्यावर बाद झाला, तर आधीचा शेवटचा बेस धरायचा. होम प्लेट चुकली तर ट्रिपल, तिसरा चुकला तर डबल, दुसरा चुकला तर सिंगल, आणि पहिलाच चुकला तर काहीच नाही.

सामना जिंकून देणाऱ्या शेवटच्या फटक्याचा वेगळा हिशेब आहे. विजयी धाव काढणारा धावपटू जेवढे बेस पळाला, तेवढ्याच बेसची हिट बॅटरला मिळते, आणि तेवढे बेस बॅटरने स्वतः पळायलाही हवेत. कुंपणापार गेलेला होमरन याला अपवाद, त्यात सगळ्या धावा मोजतात, पण चारही बेस पूर्ण केले तरच. १७ ऑक्टोबर १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर मेट्सच्या रॉबिन व्हेंच्युराने अटलांटाविरुद्ध पंधराव्या डावात, तिन्ही बेस भरलेले असताना, ३-३ अशा बरोबरीत चेंडू कुंपणापार मारला. चार धावांचा ग्रँड स्लॅम. पण आनंदाच्या भरात सहकाऱ्यांनी त्याला पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्येच उचलून धरले, तो पुढे गेलाच नाही. नोंद झाली सिंगल, निकाल ४-३. अमेरिकेत लोक त्या फटक्याला आजही ‘ग्रँड स्लॅम सिंगल’ म्हणतात.

होमरनसाठी चेंडू हवेतून फेअर हद्दीत कुंपणापार जायला हवा. एक टप्पा पडून कुंपणावरून गेला तर दोन बेस. क्रिकेटच्या चौकार-षटकाराशी हे जुळते, म्हणून मराठी मुलांच्या चटकन ध्यानात येते. गंमत म्हणजे १९३० च्या आसपासपर्यंत असा टप्पा पडून बाहेर गेलेला चेंडूही होमरनच धरत असत. क्षेत्ररक्षकाच्या अंगाला लागून चेंडू हवेतूनच बाहेर गेला, तरी होमरन. २६ मे १९९३ रोजी क्लीव्हलँडमध्ये टेक्सासच्या होजे कॅन्सेकोच्या डोक्यावर आपटून चेंडू कुंपणापलीकडे पडला आणि बॅटर कार्लोस मार्टिनेझला होमरन मिळाला. आणि चेंडू मैदानातच असताना कुणाच्या चुकीविना चारही बेस पळून काढले, तर तोही होमरनच. २००७ च्या ऑल-स्टार सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोत इचिरोने असा होमरन काढला, त्या सामन्याच्या इतिहासातला पहिला. शाळेच्या मैदानांना बहुधा कुंपणच नसते, तेव्हा आपल्याकडे हाच प्रकार जास्त दिसेल. तिथे काळजी घ्यायची ती एवढीच की, आउटफिल्डरच्या हातून दोनदा निसटलेल्या चेंडूवर चारही बेस पळालेल्या मुलाला होमरन देऊ नये. डबल आणि चूक, असे लिहिले तर ते खरे असते.

एका नोंदीने काय बदलते

एक मुलगी दिवसभरात पाच वेळा बॅटिंगला आली. एकदा वॉक (पिचरने चार वाईट चेंडू टाकले म्हणून न मारताच मिळालेला पहिला बेस), एकदा सिंगल, एकदा डबल, एकदा शॉर्टस्टॉपच्या चुकीमुळे पोहोचली, आणि एकदा आउटफिल्डमध्ये झेल देऊन तिसऱ्यावरच्या धावपटूला आत आणले, म्हणजे सॅक्रिफाइस फ्लाय. सरासरी काढताना वॉक आणि सॅक्रिफाइस बाजूला ठेवतात. उरल्या तीन संधी, त्यात दोन हिट्स, सरासरी .६६७. चुकीमुळे पोहोचली ती संधी मोजली जाते, हिट मात्र मोजली जात नाही. स्लगिंगसाठी हिट्सऐवजी बेस मोजायचे: सिंगलचा एक, डबलचे दोन, मिळून तीन, भागिले तीन संधी, १.०००. ती चूक तुम्ही उदारपणे हिट म्हणून लिहिली, तर सरासरी थेट १.००० होते. मुलगी खुश, पण समोरच्या संघाच्या पिचरच्या नावावर त्याने न दिलेली हिट लागली, आणि त्या मुलीने पुढे धाव काढली तर ती धावही त्याच्याच माथी बसली. स्कोअररची उदारता अशी दुसऱ्याच मुलाच्या खिशातून जाते. म्हणून शाळेच्या पातळीवरही ही नोंद मनापासून करायला हवी.

नियम दगडावर कोरलेले नाहीत, हेही ध्यानात असू द्या. १८८७ च्या एका हंगामापुरते वॉकलाही हिट धरले होते, त्यामुळे त्या वर्षीच्या सरासऱ्या भलत्याच फुगल्या आणि पुढच्या वर्षी तो नियम गेला. १९४१ साली टेड विल्यम्सने .४०६ ची सरासरी गाठली, तेव्हा सॅक्रिफाइस फ्लायही बॅटरच्या संधीत मोजला जात असे. १९५४ पासून तो वगळला जातो. विल्यम्सची सरासरी आजच्या नियमाने आणखी वर गेली असती.

नोंदवही घेऊन बसणार असाल, तर होम प्लेटच्या मागे बसा, बाजूला पालकांच्या घोळक्यात बसू नका. पेन्सिल वापरा. फटका झाला की आधी चेंडूचा मार्ग लिहा, म्हणजे ६-३ किंवा ई-५, आणि मगच हिटची खूण करा. क्रम उलटला की मन आधी बक्षीस देते आणि कारण नंतर शोधते. खेळाडूच्या, प्रशिक्षकाच्या किंवा आई-वडिलांच्या सांगण्यावरून जागच्या जागी खोडाखोड करू नका. मेजर लीगमध्येही स्कोअररला आपला निर्णय बदलायला सामना संपल्यापासून चोवीस तास मिळतात. आपणही घरी जाऊन शांतपणे विचार करून बदलला, तर त्यात काही कमीपणा नाही.

मराठी घरांमध्ये क्रिकेटची धाववही लिहिण्याची हौस जुनी आहे. रेडिओ कानाशी धरून षटकामागून षटक टिपणारे आजोबा अनेकांना आठवत असतील. बंगळुरूच्या शाळांत बेसबॉल खेळायला मुले आहेत, हातमोजे आणि बॅटी येऊ लागल्या आहेत, शिकवणारेही मिळतात. नोंद लिहिणारे मोठे माणूस मात्र सामन्यागणिक शोधावे लागते. आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या शाळेत संघ असेल, तर पुढच्या शनिवारी क्रीडाशिक्षकांना भेटा आणि वही मागून घ्या.